मेंदूचा मऊपणा

माघ उतरणीला लागला की आमच्याकडे कबड्डीच्या स्पर्धा सुरू होतात. पूर्वी मैदानं गावागावांत होती, मुर्ध्याला, राईला, मोरव्याला. आता दोन इमारतींच्या मध्ये उरलेल्या चौकोनात मॅट टाकतात. भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकमधल्या माझ्या घरातून खेळ दिसत नाही, पण माइकवरचा आवाज येतो. चढाईला कोण निघालाय ते ऐकू येतं आणि मग एकदम गलका उठतो. म्हणजे पकड झाली. त्या क्षणी मी हातातलं काम खाली ठेवते. इतकी वर्षं झाली, तरी खाली पडलेला उठला की नाही हे कळेपर्यंत मला भाजी चिरवत नाही.

असाच एक माघ होता, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा. तेव्हा भाईंदरात पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात मिठागरं लागायची. पावसाळा सरला की बांध दुरुस्त व्हायचे, खाडीचं पाणी आत घेतलं जायचं आणि माघात ते पाणी हळूहळू पांढरं धरायला लागायचं. दुपारच्या वेळी त्या पांढऱ्याकडे बघवत नसे. संध्याकाळी मात्र ते सगळे चौकोन गुलाबी व्हायचे आणि वाऱ्याला ओल्या चिखलाचा खारट वास यायचा. माझे वडील, आप्पा, तिथे मुकादम होते. रत्नागिरीहून तरुणपणी आले आणि मिठातच राहिले. त्यांच्या टाचांच्या भेगा कधी भरल्या नाहीत. आवाजही मिठागरावरचाच, बांधाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला पोहोचणारा. घरात पाणी मागितलं तरी शेजारी दचकत.

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात एका बाईंकडे मदतनीस म्हणून लागले होते. बाई डॉक्टर होत्या, पण त्यांना पडलेला प्रश्न माझ्या विषयाचा होता. मेंदू हा पदार्थ म्हणून कसा आहे? किती मऊ, किती ताणतो, कधी फाटतो? "डोक्याला मार लागलेला माणूस आला की हाड कुठे मोडलंय ते आम्ही सांगतो," त्या म्हणायच्या. "आत काय हललं, ते कुणालाच सांगता येत नाही. कारण तो पदार्थच आम्हाला माहीत नाही."

बरणीत औषधात ठेवलेला मेंदू मी पाहिला होता. तो घट्ट असतो, रबरासारखा. सगळ्यांना मेंदू म्हणून तोच माहीत असतो. ताजा मेंदू मी पहिल्यांदा तळहातावर घेतला तेव्हा निसटेल म्हणून हात आपोआप खाली गेला, इतका तो हाताला लागतच नव्हता. बकऱ्याचा होता. खरवसापेक्षाही मऊ. ताटलीत ठेवला की स्वतःच्याच भाराने बसत जायचा, कडा पसरायच्या. मिठाच्या पाण्यात सोडला की पुन्हा अंग धरायचा. "आपल्या डोक्यातही तो असाच पाण्यात असतो," बाई म्हणाल्या. "नाहीतर स्वतःच्या वजनानेच चेपला असता बिचारा." त्या मेंदूबद्दल नेहमी असं, घरातल्या लहान मुलाबद्दल बोलावं तसं बोलायच्या.

त्याचा एक छोटा गोल तुकडा कापायचा, दोन काचांमध्ये ठेवायचा आणि वर अगदी हलकं वजन ठेवून तो किती दबतो ते बघायचं, हे माझं काम. तुकडा आधी भरकन दबे, मग हळूहळू, आणि आता थांबला असं वाटावं तर अजून थोडा. वजन उचललं की वर येई, पण पुरता नाही. हळूच दाबलं तर तो वाट करून देई. झटक्याने दाबलं तर ताठ व्हायचा. चहूबाजूंनी सारखं दाबलं तर पाण्यासारखाच, काही म्हणजे काही होत नसे. पण एक थर दुसऱ्यावरून सरकू लागला की त्याच्यात काही जोरच नव्हता. तिथे तो फाटायचा.

घरी माझ्या या नोकरीचं कौतुक बेताचंच होतं. आई मला दारातच थांबवायची. "आधी आंघोळ. मग शिव कशाला ते शिव." आप्पांना सगळा प्रकार गमतीचा वाटे. "भेजाच ना शेवटी? मोजायचं काय त्यात? तव्यावर टाका आणि खा!" ताजा मेंदू रोज मिळत नसे, तेव्हा आम्ही आगराची पातळ जेली लावून तिच्यावर यंत्र जुळवून बघायचो. एकदा जेवताना मी म्हणाले, "आज दिवसभर आगरावरच काम होतं." आप्पांचा घास हातातच राहिला. "आगरावर? कुठल्या? मला कुणी बोललं नाही ते?" त्यांच्या दृष्टीने आगर एकच, मिठाचं. वाण्याकडे चायना ग्रास मिळतो तोच हा, हे समजावून सांगेपर्यंत माझा भाऊ हसून हसून ठसक्याने बेजार झाला होता.

हा भाऊ वसंत. माझ्याहून लहान, तेव्हा नुकताच स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात लागलेला. आईचा लाडका, गल्लीतल्या म्हाताऱ्यांचा लाडका, आणि कबड्डीच्या मैदानावर सगळ्या पश्चिमेचा. त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी स्टेशनच्या पूर्वेला राहणारी, नाव कमल, वडील पोस्टात. त्या उन्हाळ्यात लग्न करायचं म्हणून आईने पापडांचं पीठसुद्धा मनात भिजवून ठेवलं होतं.

तो सामना रविवारी दुपारी मोरव्याला होता. मी शेजारच्या जानकीकाकूंबरोबर बसले होते. वसंत चढाईला गेला. एकाने त्याची कंबर धरली, दुसऱ्याने मांडी, आणि सुटण्यासाठी तो असा काही फिरला की तिघंही गरगरत गेले. वसंत पाठीवर पडला. डोक्याची मागची बाजू मातीला टेकली, टेकली म्हणण्याइतकीच. गलका झाला. तो उठला, केसांतली माती झटकली, आमच्याकडे बघून हात वर केला आणि पुढे खेळला. रक्ताचा थेंब नाही, साधं खरचटलंही नाही.

परत येताना विहिरीपाशी त्याने विचारलं, "ताई, जिंकलो ना आपण?"

"हो रे."

थोडं पुढे आल्यावर पुन्हा, "ताई, जिंकलो ना आपण?"

दारात पाय ठेवताना आईसमोर तिसऱ्यांदा. आई हसली. पोराला आनंद मावत नाही असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं डोकं दुखायला लागलं. उजेड नको, आवाज नको. आप्पांचा डबा द्यायला मिठागरावर गेला तो डोळे झाकून बांधावरच बसला. कारखान्यात तर त्याला उभंही राहवेना. पत्रे ठोकल्याचा आवाज डोक्यात घुसतो म्हणायचा. सांगितलेलं विसरायचा, आणि विसरल्याचं कुणी दाखवून दिलं की चिडायचा. आमचा वसंत चिडतो हेच आम्हाला नवीन होतं. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढून आणायला सांगितलं. फोटोत काही निघालं नाही. हाड शाबूत. विश्रांती द्या म्हणाले.

आप्पांनी तो फोटो खिडकीत धरून उलटसुलट पाहिला. "स्वच्छ आलाय. मग दुखतंय कुठे?" आप्पांना उत्तर नसलेले प्रश्न आवडत नसत. विश्रांती चार दिवसांची असते, पोरगा महिना झाला तरी पडूनच, म्हणजे अंगात आळस भरलाय, असं त्यांनी ठरवून टाकलं. जानकीकाकू आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्याला बाहेरचा काय लागला न्हाय ना गो? डोळे बघ कसे झायलेत. कुनाला तरी दाखव." आईने गुपचूप दृष्ट काढली. मीठ, मोहरी, मिरच्या. तरी गुण नाही. कारखान्यातली मुलं येऊन थट्टा करून गेली, लग्न आलं म्हणून नाटक करतोय म्हणाली. वसंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

मग ती सकाळ. आई भांडी घासून पालथी घालत होती. एक परात तिच्या हातातून सुटली आणि फरशीवर घुमत राहिली. वसंत उठला, समोरचं भाताचं ताट उचललं आणि भिंतीवर फेकलं. आईच्या कानाजवळून गेलं ते. आप्पा अंगणातून आत आले. त्यांचा हात वर गेला. त्यांच्या त्या हाताने आम्ही लहानपणी मार खाल्लेला आहे, तो कसा बसतो मला माहीत होतं. मी ओरडले, "आप्पा, डोक्यावर नको!" कशी कोण जाणे, मी मध्ये उभीही राहिले होते. आप्पांनी हात खाली घेतला, पण माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ताट फेकलं होतं. "मग काय पूजा करू त्याची?" असं म्हणून ते निघून गेले. वसंत भाताची शितं वेचत बसला होता. रडत होता आणि वेचत होता.

कॉलेजात पोचल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं. आम्ही इतके दिवस रोज मेंदू हाताळत होतो आणि माझ्या घरात हे चाललंय ते मी बोलले नव्हते. म्हणजे दोन गोष्टी जोडाव्यात हे मलाच सुचलं नव्हतं. बाईंनी चष्मा काढला. "डोकं जोरात फिरलं होतं का पडताना?" मी हो म्हणाले. "मग फोटोत काय दिसणार? फोटोत हाड दिसतं. कवटी फिरली, थांबली, आणि आतला तो तसाच फिरत राहिला. कुठे काय ताणलं गेलं असेल ते बघायला आपल्याकडे काही साधन नाही." मी विचारलं, बरा होईल का? त्या म्हणाल्या, "बरेचसे होतात. सगळं परत येतं असं नाही. हिसका बसू देऊ नकोस, झोपू दे, घाई करू नका. एवढंच मला माहीत आहे, आणि एवढंच सगळ्यांना माहीत आहे."

हे आप्पांना कसं सांगायचं? शब्दांनी सांगून त्यांना पटलेलं मी काही बघितलं नव्हतं. त्या रविवारी मी वाण्याकडून चायना ग्रास आणला, पातळ लावला आणि आईच्या लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ओतला. गार झाल्यावर शाईत बुडवलेल्या सुईने वर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ रेघ ओढली. बरणी आप्पांच्या पुढ्यात ठेवली.

"हे काय?"

"आगर. आमच्यातलं."

त्यांच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला.

"हळूच फिरवा," मी म्हणाले. त्यांनी फिरवली. रेघ बरणीबरोबर फिरली, सरळच्या सरळ. "आता एकदम फिरवा आणि थांबवा." त्यांनी मनगटाला झटका दिला. रेघ कडेपाशी वाकडी झाली, मग तुटली, आणि जेलीत एक बारीक भेग उभी राहिली. बरणीला काहीही झालं नव्हतं.

आप्पांनी काचेवरून अंगठा फिरवला, तडा शोधावा तसा. "बरणी चांगली आहे," ते म्हणाले.

"फोटो बरणीचा काढला होता आपण."

आई दारातून बघत होती. तिने विचारलं, "ही भेग जुळते का गं परत?"

"ही नाही जुळत, आई."

"मग त्याची?"

"तो जिवंत आहे. जुळेल बहुतेक. किती दिवस लागतील ते मला सांगता येत नाही." मला वाटलं ती रडेल. तिने आत जाऊन घरातल्या सगळ्या पराती, झाकण्या आणि पितळी डबे फडक्यांत गुंडाळून माळ्यावर टाकायला घेतले.

आणि आप्पांचा आवाज खाली आला. माणसाचा आवाज त्या वयात बदलू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. सवयीने ते पहिला शब्द मोठ्याने उच्चारायचे, "वसंता!" आणि मग चपापून उरलेलं वाक्य कुजबुजत म्हणायचे. घरात ते अनवाणी चालायला लागले. जानकीकाकूंच्या नातवंडांना आमच्या भिंतीवर चेंडू मारायची बंदी झाली. वसंताच्या खिडकीला त्यांनी मिठाची गोणी उसवून पडदा केला. त्याला हात लावायची वेळ आली की खांद्याला लावत, तोसुद्धा पाणी हिंदकळू नये अशा बेताने. एकदा वसंत मला म्हणाला, "आप्पांना काय झालंय? बरे आहेत ना?" कितीतरी दिवसांनी मी त्याच्याबरोबर हसले.

कमलच्या घरी अजून काही कळवलं नव्हतं. आई म्हणत होती, थोडं थांबू, बरा होईल, कशाला आपणहून सांगायचं? आप्पा म्हणाले, "मुलगी त्यांची आहे. त्यांना कळायला पाहिजे." मला म्हणाले, "ताजं आगर लाव."

ती बरणी टॉवेलात गुंडाळून दोन्ही हातांनी छातीशी धरून आप्पा स्टेशनचा पूल चढले तो देखावा मी विसरणार नाही. एरवी झपझप चालणारा माणूस, पण त्या दिवशी एकेक पायरी जपून. कुणी धक्का देईल म्हणून मी पुढे चालत होते. ओळखीचा एक गुजराती दुकानदार म्हणाला, "आप्पा, क्या ले जा रहे हो, घी है क्या?" आप्पा म्हणाले, "बेटे का भेजा है," आणि पुढे गेले. दुकानदार बराच वेळ तिथेच उभा होता.

कमलच्या वडिलांनी सगळं ऐकलं, बरणी फिरवून पाहिली. "म्हणजे मुलगा आतून मोडलाय."

"हललाय," आप्पा म्हणाले. "मोडलाय का ते कुणालाच माहीत नाही. हिच्या बाईंनाही नाही. तुम्ही शब्द मोडलात तर आम्हाला राग नाही."

कमल तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात आली. दोन घट्ट वेण्या, हाताला कणीक. तिने आप्पांना काही विचारलं नाही, मला विचारलं. "ते मला ओळखतील का?"

"ओळखेल. नाव कदाचित विसरेल."

"पुन्हा खेळतील?"

"खेळू द्यायचं नाही. पुन्हा हिसका बसला तर फार वाईट."

तिने हाताची कणीक पुसली. मग वडिलांना म्हणाली, "बाबा, मी बघून येते."

ती तिच्या आईला घेऊन आमच्याकडे आली. गोणीच्या पडद्यामागे त्या मंद उजेडात वसंताशेजारी स्टुलावर बसली. वसंताने तिला सुमन म्हणून हाक मारली. "कमल," ती म्हणाली. थोडं बोलणं झाल्यावर त्याने पुन्हा विचारलं, नाव काय म्हणालीस? मग त्याच्याच लक्षात आलं आणि चेहरा पडला. "मी आधी विचारलं होतं का?"

"विचारलं होतं."

"किती वेळा?"

"मी मोजत नाही बसले. विचारा की. मला माझं नाव येतं सांगायला."

जाताना ती सगळ्यांसमोर म्हणाली की दसऱ्यापर्यंत थांबू. दसऱ्याला पुन्हा बघू. तिच्या आईला ते पसंत नव्हतं, चेहऱ्यावरून दिसत होतं. पण त्यानंतर कमल दर आठवड्याला येत राहिली, कधी आईबरोबर, कधी धाकट्या भावाला घेऊन.

वसंत बरा झाला तो लक्षात येईल असा झाला नाही. मिठागरं मिटली, पावसाने सगळं मीठ-पाणी एक केलं, भिंतींना ओल आली, आणि केव्हातरी तो अंगणात बसायला लागला. मग बाजारात जाऊन यायला लागला. एकदा बाजारातून आणायच्या सगळ्या जिनसा आठवून घेऊन आला, तेव्हा आई पिशवी रिकामी करता करता मध्येच पदर तोंडाला लावून आत गेली. चिडणं कमी झालं. गणपतीत आरतीच्या झांजा त्याने दुरून का होईना ऐकल्या. कारखान्यात मशीनपासून लांब, भांडी कागदात बांधायच्या कामावर त्याला घेतलं. दसऱ्याला कमलने आपल्या वडिलांना होकार कळवला.

त्याच सुमाराला ती ओंजळभर सोनचाफा घेऊन आली होती. घरभर वास कोंदला. वसंताने एक फूल नाकाशी नेलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "याला वास नाही." आम्हाला थट्टा वाटली. मी शाईची बाटली आणली, आईने हिंगाची डबी. काही नाही. बाईंना विचारलं तर त्या हळहळल्या. नाकाकडून मेंदूत जाणारे तंतू केसाहून बारीक असतात, हाडाच्या छिद्रांतून गेलेले असतात. मेंदूला हिसका बसला की ते तिथेच कापले जातात. कुणाचे परत येतात. वसंताचे आले नाहीत.

"बरंच झालं," तो म्हणायचा. "भाईंदरात राहून वास येत नाही, याला नशीब लागतं." सुकत घातलेली मासळी, ओहोटीच्या वेळची खाडी, काही म्हणून त्याला बाधत नसे. पण लग्न झाल्यावर आईच्या हातचं जेवताना तो कधीकधी थांबून बसायचा. कमलने ते पाहिलं. तेव्हापासून ती त्याला वास सांगायला लागली. सहज, हवापाण्याचं बोलावं तसं. डाळीला आज लसूण पुढे आलाय. वारा खाडीकडून फिरला, चिखल येतोय. बाळाच्या डोक्याला दुधाचा आणि तेलाचा, दोन्ही मिळून येतोय. शेजारच्यांनी नवा रंग काढलाय, घाणेरडा आहे, तुम्ही सुटलात. आप्पा गेले त्या दिवशी त्यांचा सदरा घडी करताना तिने तो नाकाशी धरला आणि वसंताला म्हणाली, "उन्हाचा येतोय. उन्हाचा आणि विडीचा."

बाईंचं काम पुढे बरंच चाललं. मी मात्र शाळेत शिकवायला गेले आणि तिथेच निवृत्त झाले. आता मेंदूचे आतले फोटो निघतात, माझ्या नातीने मला मोबाइलवर दाखवले. सुरेख होते. ते बघताना माझ्या तळहाताला मात्र तोच गार, काहीच न लागणारा मऊपणा आठवत होता.

मागे ती तापाची मोठी साथ आली तेव्हा कमलला गाठून गेली. ताप उतरला, खोकला गेला, पण वास गेला तो येईना. मी भेटायला गेले तेव्हा ती खिडकीत बसली होती, चहाचा कप हातात तसाच. "गरम पाणी पितेय असं वाटतं, ताई," ती म्हणाली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना फार थोड्या वेळा पाहिलं होतं.

वसंत तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. पांढरे केस, हातात काठी. खिडकीबाहेर तोंड करून त्याने मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, "खालच्या मजल्यावर बोंबील तळतायत. मिरची जास्त झालीय."

मी नाक ओढून पाहिलं. जिन्यात मारलेल्या फिनेलशिवाय कसलाच वास नव्हता.

"पीठ तांदळाचं लावलंय," तो पुढे म्हणाला. "तेल जुनं आहे. आणि कुणाच्या तरी घरी दूध उतू गेलंय."

कमलने डोळे पुसले आणि त्याच्याकडे बघितलं. "खोटारडे. तुम्हाला कुठून येणार वास?"

"मग? इतकी वर्षं तू काय मला सगळं खरंच सांगत होतीस?"

कमलने माझ्याकडे पाहिलं, मग कपात पाहिलं.

"निम्मं," ती म्हणाली, आणि चहाचा घोट घेतला. "सांगा पुढे. दूध कुणाचं उतू गेलं?"